वाफसा

सौना बंद पडून सहा वर्षं झाली.
माझ्या गुडघ्यांना वरची फळी झेपेना,
आणि एकट्याने घाम गाळायला ताउनोला आवडेना.
मग एका नोव्हेंबरात तळघरातून ठोकाठोक ऐकू आली.
त्याने शेगडी उपसली, दगड बादलीने बाहेर बर्फात नेऊन ओतले,
धुरकटलेल्या फळ्यांना पांढरा रंग फासला,
छताला दिवा टांगला
आणि दारावर खडूने लिहिलं: आत माती आहे.

झाडं आहेत असं नाही लिहिलं.

झाडं चार. इथे थंडर बे-मध्ये एका घराला चारच.
मोजायला कुणी येत नाही, तरी तो रोज मोजतो,
धान्याच्या कोठारात एकतीस वर्षं डबे मोजले,
ती खोड.

दलदलीतलं पीट,
ओरेस्तच्या कोंबड्यांच्या अंड्यांची टरफलं
(माझ्या कॉफीच्या यंत्रात दळलेली, मला न विचारता),
सरोवरातल्या हेरिंगची डोकी, काटे,
दोन हिवाळे कुजलेली मेपलची पानं,
रुळांपलीकडून आणलेली काळ्या दगडाची भुकटी.
सगळं फावड्याने कालवून गोणपाटाखाली झाकलं.
घराला आठवडाभर बंदराचा वास.
"झाली का तुझी माती?"
"मुरू दे. तुझ्या कोबीला मी कधी घाई केली?"

आता कुंड्यांत पांढरं क्लोव्हर पसरलंय,
त्याखाली कापसासारखी बुरशी,
आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे,
ज्यांना तो भिंग लावून गुड मॉर्निंग म्हणतो.
मला आयुष्यात इतक्या जवळून त्याने दोनदा पाहिलं असेल.

मूठभर उचलतो, दाबतो.
गोळा व्हायला हवा.
अंगठ्याने टोचला की फुटायला हवा.
पाणी ठिबकलं तर चुकलं, भुगा उडाला तर चुकलं.
मधलं जे काही आहे
त्यासाठी आमच्या भाषेत एक शब्द होता, तो म्हणतो, बाबा वापरायचे,
आणि मग तो आठवत बसतो.
दगडावर पाणी टाकलं की उठते त्या वाफेला आम्ही लोयल्यू म्हणतो.
तो नव्हे. दुसरा.
अजून आठवलेला नाही.

स्वतः तो ओढत नाही.
कोठारातल्या गव्हाची धूळ अजून त्याच्या छातीत आहे;
डॉक्टरने फोटो दाखवला तेव्हा म्हणाला,
एवढ्यात एक पाव झाला असता.
फुलं सुकवतो, लोण्यात मंद शिजवतो,
वाटाण्याएवढं माझ्या बोटांसाठी.
रात्री बटणं माझी मीच काढते.
बाकीचं ओरेस्तच्या बहिणीला,
केमोनंतर तिच्या घशाखाली सूप उतरत नाही.
बरणीवर तो नाव लिहीत नाही, तारीख लिहितो.

जानेवारीत, उणे सदतीसला, रात्री नऊला लाइट गेली.
अंधारात त्याची चप्पल वाजली.
मला वाटलं, शाल घेऊन येतोय.
तो जिना उतरला.
मग एकेक करून वस्तू जाऊ लागल्या:
लोकरीचे कांबळे, माझा जुना कोट,
आईने लग्नात दिलेली गोधडी.
"कुंड्या हलत नाहीत," खालून ओरडला, "निदान गुंडाळतो."
मी म्हटलं, मीही हलत नाही.
उत्तर आलं नाही.

बऱ्याच वेळाने वर आला, धापा टाकत,
छातीशी लाकडी पेटी. गांडुळांची.
पलंगावर ठेवली, नीट, मधोमध,
एका बाजूने तो शिरला, दुसऱ्या बाजूला मी.
मुलं कॅल्गरीला गेल्यापासून
आमच्या मध्ये कुणी झोपलं नव्हतं.

"सांडेल."
"नाही सांडणार."
"वास येतोय."
"पावसानंतर येतो तोच आहे."

खाली चार झाडं, माझ्या आईच्या गोधडीत.
त्यांचं काय झालं ते सकाळी दिसेल.
त्याचा हात झाकणावर. मी माझा ठेवला, सुजलेला.
लाकूड कोमट होतं.
"कान लाव," तो म्हणाला.
मी कान लावला.
आत ओला कागद कुणी हळूहळू
चुरगाळत होतं.